केंचेंग

माझी सासू मागून ओरडली नाही असा एक दिवस दाखवा, मी तुम्हाला फुकट जामू पाजीन. तोही कडू नव्हे, गोड.

जामू म्हणजे काढा. हळद-चिंचेचा, तांदूळ-आल्याचा, मिरीचा, आणि बाळंतिणीसाठी एक असा कडवट की पिणारीनं आधी बिस्मिल्ला म्हणावं आणि मग नाक दाबावं. आम्ही दोघी सासू-सुना उजाडायच्या आत उठून कुटतो, उकळतो, गाळतो, बाटल्यांत भरतो आणि सायकलींच्या मागच्या टोपल्यांत बाटल्या लावून निघतो. गाव आमचं डोंगरावर आणि गिऱ्हाईक सगळं खाली इमोगिरीच्या बाजारात. सकाळी भरलेल्या बाटल्या घेऊन उतरायचं, दुपारी रिकाम्या घेऊन सायकल ढकलत चढायचं. डोंगरावर जन्म काढलेल्या माणसाला देवानं पाय तेवढे बरे दिलेत.

सासूला मी सिंबोक म्हणते. सिंबोक म्हणजे आई, आमच्याकडे सासूलाही तेच म्हणतात. उताराची तिला फार भीती. जरा खडा उतार आला की सायकलीवरून खाली उतरणार आणि हँडल धरून, तोंडानं काहीबाही पुटपुटत चालत येणार. त्यामुळे रस्त्यात मी कायम पुढं आणि ती कायम मागं. आणि मागून तिची हाळी यायची, डोंगर दणाणून सोडणारी. केंचेंग!

केंचेंग म्हणजे जोरात. भरधाव मोटारसायकल केंचेंग, डोंगरमाथ्यावरचा वारा केंचेंग. आवळून बांधलेली दोरीही केंचेंगच, आणि ढोलावर ताणलेलं कातडंही केंचेंग. जोरात आणि घट्ट, दोन्हीला आमच्या जावानी भाषेत एकच शब्द पुरतो. पिढ्यान्पिढ्या कुणाचं काही अडलं नाही, कारण समोर दोरी आहे का मोटारसायकल हे माणसाला दिसत असतं. आता सायकलीवर बसलेल्या बाईला मागून कुणी केंचेंग म्हणालं तर तिनं काय समजायचं? तुम्हीच सांगा. मी समजले ते कुणीही समजलं असतं. जोरात चालव. स्वतः पायी उतरणार आणि मला म्हणणार जोरात चालव! नाकाला मिरच्या झोंबणार नाहीत तर काय होईल?

त्यात आमचं भांडण चालू होतं. भांडण माझ्या लेकीवरून. लारास माझी चार वर्षांची. बाजाराजवळच्या बालवाडीत मी तिचं नाव घातलं आणि रोज सायकलीच्या पुढच्या वेताच्या खुर्चीत बसवून तिला खाली न्यायला लागले. सिंबोकला ते पटलं नाही. एवढ्या उतारावर लेकरू सायकलीवर नेऊ नये, शेजारणीकडे ठेव, सहा वर्षांची झाली की बघू, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, तुमच्या मुलाला शेजारणीकडेच ठेवलं होतं ना, म्हणून तो असा झालाय. बोलून गेले. जीभ काय, आमच्या घरात एकट्या सिंबोकलाच आहे का?

आमच्याकडे भांडणात आवाज चढत नाहीत. आमच्याकडे माणूस रागावला की मान द्यायला लागतो. लग्न होऊन आले तेव्हापासून सिंबोक मला नावानं ‘अगं मुर’ म्हणायची, कधी ‘पोरी’, लाडात असली तर ‘माकडे’. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीजवळून म्हणाली, आपण चहा घेतला का? मी वळून दाराकडे पाहिलं, म्हटलं एवढ्या सकाळी पाहुणा कोण आला. पाहुणा कुणी नव्हता. आपण म्हणजे मीच. तेव्हापासून घरात सगळं ‘आपण बसावं’, ‘आपण जेवून घ्यावं’, ‘सूनबाईंना वेळ असेल तर’. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर जेवण अंगी लागलं असतं. आणि जे खरं बोलायचं ते कोंबडीला बोलायची. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तिला लेक नाही म्हणून कोंबडी. एकदा कोंबडीला म्हणाली, पिल्लू जपायचं असेल तिनं आधी टोपली नीट आहे का बघावं. मी मुकाट्यानं हळद कुटत राहिले. मनात म्हटलं, शाळेत घातलं म्हणून टोमणा मारतेय.

आता माझ्या नवऱ्याचं सांगते, गियार्तोचं. स्वभावानं गरीब. फर्निचरच्या कारखान्यात रंगकाम करतो आणि घरी आल्यावरही त्याचा हात थांबत नाही. दिसेल त्याला रंग. कोंबड्यांचं खुराडं निळं, पाण्याचा रांजण लाल. ईदच्या आधी त्यानं माझी सायकल उघडली. चाकं काढली, चिमट्यापासून मडगार्डपर्यंत सगळ्याला जाड हिरवा रंग दिला, चाकांच्या आसांना तेल पाजलं, जुने गंजके नट फेकून चकचकीत नवे लावले. अंगणात चाक उचलून बोटानं फिरवून दाखवलं तर थांबायलाच तयार नाही. म्हणाला, बघ आता कशी केंचेंग जाते. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. लारासनं तर हिरव्या रंगाला गाल लावला आणि दिवसभर गाल हिरवा घेऊन मिरवली.

पण ईद झाली, आम्ही पुन्हा बाजाराला जायला लागलो, आणि तेव्हापासून सिंबोकच्या हाळ्या वाढल्या. आधी आठवड्यातून कधी तरी असायची, आता रोज. घराच्या वळणावर एकदा, चिंचेपाशी एकदा, मोरीच्या पुलाआधी एकदा. केंचेंग! ती ओरडली की मी इरेला पेटायचे आणि दोन पायडल जास्त मारायचे. म्हटलं, घे, जोरात पाहिजे ना, घे जोरात. बाजारात ती आली की माझ्याकडे न बघता तिच्या कोपऱ्यात जाऊन बसायची, तोंड असं फुगलेलं की गिऱ्हाईक बिचकून माझ्याकडे यायचं.

सायकलीतून एक टिकटिक यायला लागली होती, हे मी ऐकलं होतं. पण मागं बाटल्या. उतारावर बाटल्यांचा असा खळखळाट चालतो की सायकल आहे की काचेचं दुकान आहे, कळत नाही. मला वाटलं, कुठली तरी बाटली सैल बसलीय. दोन दिवस मी बाटल्यांत चिंध्याही कोंबल्या.

त्या दिवशी पोनचा, म्हणजे दर पाच दिवसांनी भरणारा मोठा बाजार होता आणि बालवाडीत फोटो काढणार होते. पोनच्या बाजाराला चार गावची माणसं उतरतात, म्हणून बाटल्या नेहमीपेक्षा जास्त. लारासला पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, वेण्यांना फिती. आरशासमोरून हलायला तयार नाही. उशीर झाला. मी तिला खुर्चीत बसवलं, पोटावरून ओढणीनं बांधायचे ते त्या दिवशी बांधलं नाही, फ्रॉक चुरगळतो म्हणून रडली. हे मी तुम्हाला सांगतेय, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

निघालो. घराच्या वळणावर मागून हाळी आली, केंचेंग! मी म्हटलं, हो हो, फोटोला उशीर होतोय ते मलाही कळतं. पायडल मारलं. चिंचेपाशी परत. या वेळी आवाज निराळाच होता, चिरकलेला, आणि त्यात लारासचं नावही होतं. पुढं आणखीही काही ओरडली, पण बाटल्यांत आणि वाऱ्यात ते गेलं, आणि मी तरी कशाला कान देऊ? पहिला शब्द ऐकला की पुढचं पाठ होतं. मी सीटवरून उठून पायडल मारायला लागले.

चिंचेच्या पुढं रस्ता एकदम खाली जातो. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला बांबूचं बन, आणि बनाच्या पलीकडे सरळ खाली ओढा. मध्ये मोरीचा पूल, तिथं मुळांनी डांबर उचललंय, गाडी उडतेच. पुलाच्या पुढं वळण. त्या वळणावर रोज मी ब्रेक दाबते.

आणि तेवढ्यात माझ्या उजव्या बाजूला खळखळाट झाला. मी मान वळवली तर सिंबोक. माझी सासू, जिनं उभ्या जन्मात हा उतार बसून उतरला नव्हता, ती सायकलीवर बसून माझ्या बरोबरीला आली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत वर गेलेलं, अंबाडा सुटलेला, एक चप्पल नाही. माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. तोंड उघडून ती ओरडत होती, केंचेंग, केंचेंग, आणि एक हात सोडून खाली कुठं तरी दाखवत होती, रस्त्याकडे का माझ्या चाकाकडे, मला काय कळणार. एक हात सोडून! त्या उतारावर!

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं म्हातारी मला हिणवतेय. बघ, मी साठीची बाई तुझ्यापेक्षा जोरात जाते. अंगाचा तिळपापड झाला. मी दातओठ खाऊन पायडल मारलं. ती तरीही पुढं गेली. लारासनं टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, आई, आजी जिंकली.

पुलाच्या पलीकडे जाऊन सिंबोकनं सायकल रस्त्यात आडवी टाकली. टाकली म्हणजे अक्षरशः टाकली, बाटल्यांसकट. उभी कमाई रस्त्यावर फुटली. आणि ती स्वतः आमच्यासमोर, रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून उभी राहिली.

तिला वेड लागलंय असंच वाटलं. मी दोन्ही ब्रेक आवळले आणि त्याच क्षणी हँडल माझ्या हातात थरथरायला लागलं. तशी थरथर मी आयुष्यात कधी हातात धरली नव्हती. मी हँडल डावीकडे ओढलं, चाक डावीकडे गेलं नाही. खाली बघितलं. पुढचं चाक चिमट्यात तिरकं झालं होतं, आणि त्याच्या उजव्या बाजूला जिथं नट असतो तिथं नट नव्हता. नुसता आसाचा दांडा, आटे दिसत होते, त्यावर हिरव्या रंगाचा चुरा.

पुलावर डांबर उचललेलं होतं तिथं सायकल उडाली. चाक निघालं.

मी ते चाक बघितलं. माझ्या डोळ्यांसमोरून ते एकटं पुढं गेलं, ताठ, न डगमगता, जसं काही त्याला कुणाची गरजच नव्हती. सिंबोकच्या बाजूनं गेलं, आडव्या सायकलीला चुकवून गेलं, वळणावर वळलं नाही, सरळ बांबूत घुसलं, आणि मग खाली कुठं तरी पाण्याचा आवाज आला. आम्ही ज्या वेगात होतो त्या वेगात आम्हीही तिथंच गेलो असतो. मी, बाटल्या, आणि पिवळा फ्रॉक.

चिमटा डांबरात रुतला. मी हँडलवरून गेले, तोंडावर आपटले. लारास माझ्या आधी गेली. बांधलेली नव्हती ना. मी पडता पडता फक्त एवढं बघितलं की एक पिवळं काही तरी हवेतून गेलं.

मी गुडघ्यांवर उठले. तोंडात माती, एक दात ओठात. रस्ता सगळा पिवळा. हळदीचा काढा उताराला लागून वाहत होता आणि त्यात लाल मिसळत होतं, आणि ते लाल कुणाचं हे मला कळत नव्हतं. सिंबोक काचांत पाठीवर पडली होती. तिच्या छातीवर लारास, दोन्ही हातांच्या मिठीत, तोंड आजीच्या मानेत खुपसलेलं. हलत नव्हती. मला हाक मारायची होती, पण तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. बोबडी वळली माझी. लेकीचं नाव आठवेना.

लारासनं डोकं वर केलं. एक फीत सुटली होती. म्हणाली, आई, फोटो?

मग तिनं भोकाड पसरलं. आणि मला ते ऐकून जे वाटलं ते सांगायला मला शब्द नाही, ना जावानीत ना कशात. तिच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. रक्त सगळं सिंबोकचं होतं, पाठीतल्या काचांचं. आणि तिचा डावा हात कोपराच्या खाली जिथं वाकायला नको तिथं वाकला होता.

मागून तोफूवाला मोटारसायकलीवर येत होता, त्यानं आमची दशा बघितली आणि तसाच उलटा वर जाऊन गियार्तोला घेऊन आला. गियार्तो आला तो पांढराफटक. आधी लारासला चाचपलं, मग आईला, मग मला, आणि मग सायकलीपाशी जाऊन चिमट्याकडे बघत उभा राहिला. मी त्याच्या अंगावर गेले. तोवर माझा आवाज परत आला होता आणि चांगलाच आला होता. म्हटलं, काय केलं होतंस या सायकलीचं? नट कुठं गेला?

हळूहळू बाहेर आलं ते असं. जुन्या नटांखाली दातेरी वायसर होते, ते चिमट्याला चावून बसतात. ते नव्या रंगाला खरवडत होते म्हणून त्यानं काढून खिळ्यांच्या डब्यात टाकले. नट जाड रंगावर नुसताच बसवला. रस्त्यानं रंग पिचत गेला तसा नट ढिला होत गेला. मी म्हटलं, पण तुला चाकाला हात लावायला सांगितलं कुणी होतं?

त्यानं खाली बसलेल्या आईकडे बघितलं. म्हणाला, “सिंबोकनंच सांगितलं होतं. बायकोची सायकल केंचेंग करून दे म्हणाली. मी तेल घातलं, नवे नट घातले. केली केंचेंग.”

झालं. माझं डोकं फिरलं. म्हणजे मला जोरात पळवायचं हिच्या मनात ईदच्या आधीपासून होतं. मागून ओरडून भागलं नाही, म्हणून मुलाकडून सायकलच पळती करून घेतली. कशासाठी, तर दोन गिऱ्हाइकं जास्त मिळावीत म्हणून. आणि त्यापायी माझी लेक आज ओढ्यात गेली असती. पण मग तीच बाई रस्त्यात हात पसरून का उभी राहिली? हे मला जुळवता येत नव्हतं. एक डोळा सांगत होता हिनं मारलं, दुसरा सांगत होता हिनं वाचवलं. मी तिच्याकडे बघितलं तर ती लारासची फीत एका हातानं बांधायचा प्रयत्न करत होती. मी लारासला तिच्याजवळून ओढून घेतलं.

दवाखाना लांब, हाडवैद्य उताराच्या पायथ्याशीच. आमच्याकडे हाड मोडलं की पहिला पाय त्याच्याच अंगणात पडतो. तोफूवाल्यानं सिंबोकला नेलं, आम्ही मागून धावत गेलो. म्हातारे सास्त्रोकाका, त्यांनी आधी पाठीतल्या काचा वेचल्या. सिंबोकनं हूं की चूं केलं नाही. मग त्यांनी हात तपासला, बांबूच्या कामट्या आणि कापडाच्या पट्ट्या काढून ठेवल्या आणि म्हणाले, हाड ओढून बसवायला लागेल, मी खाली ओढतो, वरून कुणी तरी दंड धरा. गियार्तोनं लारासला घेतलं होतं आणि त्याचे हात असे लटपटत होते की त्यालाच कुणी तरी धरायला हवं होतं. राहिले मी.

मी गुडघे टेकून बसले. सिंबोकचा दंड माझ्या दोन्ही हातांत. इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण तो दंड मी कधी हातात धरला नव्हता. काटकी होती. सास्त्रोकाका पट्टी ओढत म्हणाले, “केंचेंग.”

मी जागची हलले नाही. त्या शब्दानं माझ्या अंगात सकाळपासूनचं सगळं परत उभं राहिलं. चिंच, उतार, वारा, पिवळा फ्रॉक हवेत. सास्त्रोकाका परत म्हणाले, केंचेंग, बाई, ऐकू येत नाही का? मी त्यांच्याकडे बघून विचारलं, “कसं? जोरात?”

ते माझ्याकडे बघायला लागले, बाईच्या डोक्याला मार लागलाय की काय अशा नजरेनं. जोरात कशाला, आं? मग मूठ आवळून दाखवली. असं.

आणि तेव्हा सिंबोक बोलली. डोळे मिटलेले, कपाळावर घाम, आवाज कसाबसा येत होता.

“घट्ट गं, मुर. घट्ट. नट घट्ट कर. रोज मागून तेच तर सांगत होते. तू ऐकायचीस आणि आणखीच पळायचीस.”

अंगणात कोंबडा होता, तो आरवला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. कुणी ध चा मा केला नव्हता. शब्द जसा निघाला तसाच माझ्या कानात येत होता, रोज, घराच्या वळणावर, चिंचेपाशी, पुलाआधी. मागून चालणाऱ्या बाईला माझं चाक तिरकं दिसत होतं. ते चाक आणि त्याच्यावर बसलेली नात दिसत होती. आणि ती ओरडली की मी लेकीला घेऊन आणखी जोरात उताराला लागत होते.

गियार्तोच्या तोंडून जेमतेम निघालं, “मग मला सांगितलं होतंस ते?”

“तुलाही तेच,” सिंबोक म्हणाली. “चाक डुगडुगतंय म्हटलं होतं ना. तू म्हणालास, केलं.”

त्यानं लारासला खाली ठेवलं. पायरीवर बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. लारास त्याच्यापाशी जाऊन त्याच्या नखांतला हिरवा रंग उकरत बसली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण पुसायला हात मोकळे नव्हते. मी विचारलं, उतारावर थांब का नाही म्हणालात? म्हटलं ना, ती म्हणाली. चिंचेपासून थांब थांब म्हणत होते. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “रडतेस काय, माकडे. धर.”

मी धरला. सास्त्रोकाकांनी ओढला. सिंबोक किंचाळली, अशी की तोफूवाला दारातून बाहेर पळाला. माझ्या हातांत तो दंड साखळदंडाला बांधलेल्या गुरासारखा ओढ खात होता आणि मी तो सोडला नाही. आत कुठं तरी कट्ट झालं. सास्त्रोकाका म्हणाले, बसलं हाड. कामट्या लावल्या, पट्ट्या गुंडाळल्या, गाठ मारली, आणि मला म्हणाले, सोड आता.

मला ऐकू आलं होतं. पण बोटं उघडेनात. सिंबोकही म्हणाली, अगं सोड, दुखतंय. मी सोडते आहे असंच मला वाटत होतं. शेवटी सास्त्रोकाकांनीच पुढं होऊन माझं एकेक बोट उचलून तिच्या दंडावरून बाजूला केलं.